डाव्या खोबणीतली क्लिप

माझा स्वभाव मध्ये तोंड घालण्याचा आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती या स्वभावापायी घडली. मी ते चांगल्या मनाने केलं, असं बरेच दिवस स्वतःला समजावत होते. पण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीत आपण किती शहाणे आहोत हे दाखवायची हौस किती होती, ते माझं मलाच माहीत आहे.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. एकतीस वर्षं ते विमानं दुरुस्त करणाऱ्या एका हँगरमध्ये मेकॅनिक होते. तिथे सगळे त्यांना ‘भिंग’ म्हणत. कपाळावर ढकललेलं भिंग हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे भिंगाच्या नजरेतून काही सुटत नाही अशी त्यांची ख्याती. भिंगाने सही केली म्हणजे दुसऱ्याने पुन्हा बघायची गरज नाही, असं तिथे म्हणत. हे मला लग्न झाल्यापासून इतक्या जणांनी ऐकवलं होतं, की मीही येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानाने ऐकवायला लागले होते. बाबा मात्र तो विषय निघाला की उठून पाणी प्यायला जात. मला वाटायचं, काय हा विनय!

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांनी एक विमान बांधायला घेतलं. अठरा माणसांचं, दोन पंख्यांचं, ज्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं तेच. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. प्लास्टिकचे तयार भाग भरलेलं एक मोठं खोकं माझ्या नवऱ्याने हौसेने आणून दिलं होतं. बाबांनी त्यातलं धड ठेवलं, पंख ठेवले, आणि बाकीचे भाग ‘ही खेळणी आहेत’ म्हणून परत खोक्यात टाकले. मग ते ते भाग स्वतः बनवायला बसले, ते नऊ वर्षं उठले नाहीत.

नऊ वर्षं म्हटल्यावर लोक हसतात. पण मी ते टेबल बघितलेलं आहे. वैमानिकाच्या पट्ट्याचं बक्कल त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून कापलं होतं, आणि ते उघडझाप होत होतं. घड्याळांच्या तबकड्यांवर वॉर्निशचा एकेक थेंब ठेवून काच केली होती. गजराच्या जुन्या घड्याळातलं दातेरी चाक काढून, ते पट्टीच्या कडेने फिरवून रिव्हेटच्या रांगा उठवल्या होत्या. एक रांग दोन रिव्हेटांनी चुकली, तर तेवढा पत्रा घासून पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, “माझ्याकडे चाळीस वर्षांत एवढं निरखून बघितलं असतं, तर मी काय दिसले असते!”

त्या टेबलापाशी फक्त मला प्रवेश होता, आणि तोही माझ्या धंद्यामुळे. मी दात बनवते. दवाखान्यातून साचे येतात, त्यावरून मी प्रयोगशाळेत कॅप आणि कवळ्या तयार करते. माझी मेण कोरायची हत्यारं, बारीक ड्रिल, तोंडात घालायचा काडीवरचा छोटा आरसा, हे सगळं बाबांना माझ्यापेक्षा जास्त आवडायचं. पहिल्यांदा मी मदतीला बसले, तेव्हा एका खुर्चीच्या खालची चौकट ते करत होते. खुर्ची बसवल्यावर ती कुणालाच दिसणार नव्हती. मी सहज म्हटलं, “बाबा, कोण बघणार आहे?”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. “हे वाक्य या टेबलावर बोलायचं नाही.”

आवाज चढला नव्हता, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग पटलंही. दाताची मागची बाजू कोणी बघत नाही. जीभ मात्र दिवसभर तिथेच असते. मी ते त्यांना सांगितलं, तेव्हा ते हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

यंदा हँगरच्या निवृत्त लोकांचा मेळावा जुन्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये ठरला. दर वर्षी कोणीतरी विचारायचं, ‘भिंगाचं विमान झालं का?’ यंदा फोन आला तेव्हा तो नेमका मी उचलला, आणि बाबांना न विचारता सांगून टाकलं, “झालंच समजा. घेऊनच येतो.”

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “ते झालेलं नाही.”

“काय राहिलंय? बोट ठेवायला जागा नाही!”

त्यांनी विमान हळूच उलटं केलं. दोन्ही इंजिनांमागे चाकं आत ओढली जातात त्या दोन खोबणी. उजवीत नळ्या, वायर, जोड, सगळं दाटीवाटीने भरलेलं. सोल्डरच्या तारेपासून केलेल्या नळ्यांना वळणंसुद्धा खरी. डाव्या खोबणीतही तेच होतं. फक्त आतल्या भिंतीवरची एक पेटी उघडी आणि रिकामी होती. करंगळीच्या नखाएवढी जागा. नऊ वर्षं मी ते विमान बघत होते, आणि ही रिकामी पेटी मला कधी दिसली नव्हती.

“उजवीकडच्यासारखीच करा ना, उलटी.”

“डावीकडे वेगळी आहे. नंतर कारखान्यातून बदल करून आलं होतं. नळी दुसरीकडून नेली.”

“मग तशी करा.”

“कशी नेली ते मला माहीत नाही.”

“मग जुनी करा!”

“जुनी नळी होती तेव्हा विमानावर निळा पट्टा होता. हा लाल पट्टा बदलानंतरचा आहे.” एवढं बोलून ते पाणी प्यायला गेले.

मला वाटलं, वय झालं, विसरले. आणि विसरल्याची लाज वाटते बिचाऱ्यांना. आता मी सून कसली, जर एवढंही करू शकले नाही! सासूबाईंना हळूच विचारलं, की या विमानाची माहिती आणखी कोणाला असेल. त्या म्हणाल्या, “ह्यांचा जोडीदार होता ना. बावीस वर्षं दोघं बरोबर. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने बघायचं. घरी जेवायला यायचा. मग त्या बिचाऱ्याच्या हातून चूक झाली. उतरताना एका विमानाचं चाक खाली येईना, विमान तिरकं घसरत गेलं. माणसं वाचली, एका बाईचा हात मोडला. चौकशी झाली, त्याचं लायसन्स गेलं. सतरा वर्षं झाली. आता शिलाई मशीन दुरुस्त करतो म्हणे, बाजाराच्या मागच्या गल्लीत.”

“बाबा जात नाहीत त्यांच्याकडे?”

“नाव काढलं तरी उठून जातात. बाई, त्याला लाज वाटू नये म्हणून जात नसतील.”

मी दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर तिकडे गेले. जाताना मनात काय होतं तेही लिहिते, कारण तेच जास्त लाजिरवाणं आहे. मला वाटत होतं, मी किती मोठ्या मनाची! चुकलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि मी त्याचा सल्ला घ्यायला चालले आहे.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला मशीनांचे काळे सांगाडे, काउंटरवर तेलाची डबी, आणि मागे पांढऱ्या मिशांचा एक किडकिडीत माणूस. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि स्टूल पुढे केलं. “भिंग बरा आहे?” असं विचारलं. मी विमानाचं कौतुक सुरू केलं, ते ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकायला लागले. बक्कल उघडझाप होतं म्हटल्यावर मोठ्याने हसले. “तो करणारच!”

मग मी कामाचं काढलं. “फक्त एक अडलंय. डाव्या खोबणीतल्या पेटीत बदल झाल्यावर नळी कशी नेली होती, ते बाबांना माहीत नाही. तुम्हाला आठवत असेल तर...”

हसू तिथल्या तिथे थांबलं. “आठवत नाही म्हणाला?”

“नाही, माहीतच नाही म्हणाले.”

हातातला स्क्रू त्यांनी डबीत टाकला, परत काढला, परत टाकला. मग म्हणाले, “बदल झाल्यानंतरच्या मोठ्या तपासणीवर त्याची सही आहे, पोरी. ‘झाकण उघडलं, आतलं सगळं जागेवर.’ चौकशीतही त्याने तेच सांगितलं.”

मला अजून कळलं नव्हतं. इतकी मी हुशार.

त्यांनी बिलबुकाचं एक पान उलटं करून पेन्सिल घेतली. हात एकदाही न थांबवता पेटी काढली, नळी काढली, वळणं, जोड, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. एका ठिकाणी नळीवर छोटी फुली मारली. “इथे एक क्लिप हवी होती. ती नव्हती. म्हणून नळी पत्र्यावर घासत राहिली, भोक पडलं, चाक खाली ढकलणारं तेल गेलं. अपघाताच्या आठवडाभर आधी त्या पेटीत हात घालून मी एक जोड घट्ट केला होता. साहेब म्हणाले, भिंगाच्या तपासणीत क्लिप होती, म्हणजे ती तू काढलीस आणि लावायला विसरलास. तीन दिवस पेटीचे फोटो माझ्यासमोर ठेवले होते. मी कसा विसरेन?” कागदाची नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. “दे त्याला.”

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी थबकले. ज्याने झाकण उघडून बघितलं, त्याला आत काय होतं ते माहीत नाही?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? त्या माणसाची सतरा वर्षं नाहीत. पहिलं आलं ते हे, की मेळाव्याच्या आधी हे बाहेर पडायला नको. लोक काय म्हणतील आमच्या घराला! तो कागद मी दोन दिवस पर्समध्ये, औषधांच्या पावत्यांमध्ये दडवून ठेवला. दोन दिवस बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. वाढताना ताट आपटलं. मनातल्या मनात त्यांना इतकं बोलून घेतलं, की प्रत्यक्ष बोलायला काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई भाजी आणायला गेल्यावर मी कागद टेबलावर ठेवला.

त्यांनी घडी उघडली. अक्षर ओळखलं. कपाळावरचं भिंग खाली ओढायला हात वर गेला आणि तसाच राहिला.

“तू त्याला काय विचारलंस?”

मी सांगितलं.

बाबा खुर्चीत खाली खाली गेले. माणूस लाजेने लहान होतो म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं. मला वाटलं होतं, माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“झाकणाला आठ स्क्रू होते,” ते म्हणाले. “दोन गंजलेले. पाठीवर झोपून काढावे लागायचे. जोडीदार रजेवर होता, टॉर्च धरायला कोणी नाही. दुपारी विमान जायचं होतं. नुकतंच कारखान्यातून आलंय, तिथे बघितलंच असेल. मी म्हटलं...” ते थांबले. “मी म्हटलं, कोण बघणार आहे.”

“आणि चौकशीत?”

“एकदा कागदावर लिहिलं होतं, ते तोंडाने म्हटलं. सगळे मान डोलावत होते. भिंग आहे तो, त्याने बघितलं असणार. फोटो माझ्यापुढेही ठेवले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. वाटलं होतं, त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापतील आणि सोडतील. लायसन्स जाईल असं वाटलं नव्हतं. गेल्यावर मग बोलायचं धैर्य झालं नाही. आज बोलू, उद्या बोलू.”

मला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि त्या रागापोटी मी जे बोलले ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नुसता राग असता तरी एक वेळ चाललं असतं. त्यात घराच्या अब्रूची काळजी मिसळली होती. मी म्हटलं, “आता झालं ते झालं. नळी कशी आहे ते कळलंय ना? बनवा, क्लिप लावून टाका, आणि विषय संपवा. मेळाव्यात कोण बघणार आहे?”

त्यांनी मान वर केली. मी जीभ चावली. या वेळी त्यांनी मला रागावलं नाही. आमच्या दोघांत कोणी कोणाला रागवावं अशी परिस्थिती राहिली नव्हती.

पुढचे अकरा दिवस त्यांनी ती पेटी बनवली. सोल्डरची तार तुमच्याआमच्या केसाहून जरा जाड. तिला कागदावरच्या मापाने सहा वळणं दिली. जोडाचे नट षटकोनी घासले. पेटीतल्या बाकीच्या क्लिपा त्यांनी खाऊच्या डब्याच्या पातळ पत्र्यातून कापल्या, मोहरीच्या निम्म्याएवढ्या. कुठे एक निसटली तर दोघं गुडघ्यावर बसून फरशी चाचपत होतो, पण बोलत नव्हतो. शेवटी त्यांनी पेटी जागेवर बसवली. मी आरसा घालून बघितलं. फुलीची जागा रिकामी होती. नळी पत्र्याला टेकत होती, आणि टेकत होती तिथे त्यांनी सुईच्या टोकाने घासल्याची चकाकी काढली होती.

मेळाव्याला साठेक माणसं होती. टेबलावर विमान ठेवलं आणि सगळ्यांनी कोंडाळं केलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. कोणीतरी म्हणालं, “भिंग तो भिंगच!” बाबा मान खाली घालून उभे होते. लोकांना तो विनय वाटला. मला आता कळत होतं तो काय होता.

मग काठी टेकत तपासणी साहेब आले. चौकशी यांनीच केली होती. ऐंशीच्या पुढचे, पण नजर शाबूत. बाबांनी स्वतः विमान उलटं धरलं, डावी खोबण त्यांच्याकडे करून. साहेबांनी बाबांचंच भिंग घेऊन बघितलं. बराच वेळ बघितलं.

“वा! पण भिंगा, एक क्लिप राहिली रे.”

“राहिली नाही, साहेब,” बाबा म्हणाले. “नव्हतीच. मी झाकण उघडलं असतं तर ती नाही हे तेव्हाच दिसलं असतं. मी न उघडता सही केली. जोडीदाराने काही काढलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

आवाज इतका हळू होता, की मागच्या माणसांनी ‘काय म्हणाला?’ असं विचारलं. बाबांनी पुन्हा तेच, सगळंच्या सगळं, मोठ्याने सांगितलं. मग खिशातून कागद काढला. त्यावर हेच लिहून खाली सही केलेली होती. तो त्यांनी साहेबांपुढे धरला.

मला वाटलं होतं, कोणी ओरडेल, कोणी रडेल. तसं काही झालं नाही. साठ माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. साहेबांनी कागद घेतला, पण उघडला नाही. “सतरा वर्षांनी आता हे कशाला,” एवढंच म्हणाले. कोणीतरी चहा झाल्याचं सांगितलं आणि माणसं सुटल्यासारखी तिकडे गेली. मी टेबलापाशी उभी होते आणि माझे कान पेटले होते. तरी त्यांच्यापासून दोन पावलं लांब सरकले नाही, एवढंच काय ते त्या दिवसातलं माझं बरं वागणं.

चहा न घेता आम्ही निघालो. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बाबा म्हणाले, “बाजाराच्या मागे घ्या.”

जोडीदार एका मशीनवर वाकलेले होते. बाबा दारात थांबले. आत ये असं कोणी म्हणेपर्यंत आत जायचा आपल्याला हक्क नाही, असे. जोडीदाराने त्यांच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि काउंटरवरची मशीन बाजूला सरकवली. बाबांनी विमान उलटं करून ठेवलं. मी पर्समधून माझा आरसा काढून दिला. जोडीदाराने तो खोबणीत घातला.

“क्लिप नाही,” ते म्हणाले.

“नव्हती.”

“तू उघडलं नव्हतंस.”

“नव्हतं उघडलं. आज सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांना लिहून दिलं.”

आरसा आतच होता. मग जोडीदार खोबणीशी बोलावं तसे म्हणाले, “मला वाटायचं, मीच काढली. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. पण तुझी सही होती. भिंगाने बघितलं म्हणजे क्लिप असणारच, हे मी त्यांच्याआधी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी कबूल केलं. नंतर घरी बसून आठव आठव आठवलं. इतकं आठवलं, की शेवटी ती काढल्याचं मला आठवायलाच लागलं. उजव्या हाताने काढली, वरच्या खिशात ठेवली. रोज दिसायचं. तो शर्ट मी दहा वेळा झटकलाय.”

बाबांनी काउंटरची कड धरली. माफ कर म्हणायचीही त्यांना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. मी मध्ये तोंड घातलं नाही.

“अंधार आहे आत,” जोडीदार म्हणाले. “टॉर्च खालच्या खणात आहे.”

बाबांनी वाकून टॉर्च काढला आणि उजेड खोबणीत धरला. नऊ वर्षांत त्यांचा हात हललेला मी बघितला नव्हता. आता प्रकाशाचा ठिपका भिंतीवर, मशीनांवर, छतावर भटकत होता.

“नीट धर,” जोडीदार म्हणाले. “मला बघू दे.”